ताटातील अन्न, हातातील गोळी आणि आतड्यातील पेशी

शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे पहिला शब्द तोंडी येतो, तो ‘मूळव्याध’. लाखांदूर असो की तुमसर, पवनी असो की साकोली, हा अनुभव सर्वत्र सारखाच. मग कुणी जाणकार म्हणविणारा पुडी देतो, कुणी काढा सुचवितो, कुणी तिखट बंद करावयास सांगतो. रक्त काही दिवस थांबते आणि पुन्हा पडू लागते. घरातील कर्ता पुरुष ते कुणाजवळ बोलत नाही. घरातील स्त्री तर आपल्या लेकींनाही सांगत नाही. पाहता पाहता वर्ष निघून जाते. वजन उतरते, अंगात रक्त राहत नाही आणि पोट फुगून आतडे बंद पडण्याची वेळ आली की नागपूरची वाट धरली जाते. अशा रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत तेथे निदान होते ते मूळव्याधीचे नव्हे, तर मोठ्या आतड्याच्या अथवा गुदाशयाच्या कर्करोगाचे.

निदान झाले की घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, ‘खाण्यापिण्यात आमचे काय चुकले?’ आणि दुसरा, ‘केमोथेरपी न घेता पथ्याने, हळदीने किंवा झाडपाल्याने हा आजार जाणार नाही का?’ दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत आणि त्यांची हेटाळणी करणे योग्य नव्हे. अन्नाचा आणि या आजाराचा संबंध आहे, हे शास्त्रानेही मान्य केले आहे. परंतु तो संबंध नेमका कोठे आहे आणि कोठे संपतो, हे न समजल्यामुळे अनेक कुटुंबे उपचाराचे मोलाचे महिने गमावून बसतात. म्हणून आज या विषयाचा थोडा खोलवर विचार करू या.

जगभरात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात हे प्रमाण कमी आहे, आणि भारतातही शहरांपेक्षा खेड्यांत ते कमी आढळते. मुंबईत १९६३ पासून कर्करुग्णांची नोंदणी होऊ लागली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तर बार्शी परिसरातील खेड्यांपेक्षा मुंबईत मोठ्या आतड्याचा कर्करोग अधिक दिसतो. माणसे तीच, भाषा तीच. पण राहणी आणि ताट बदलले. हा फरक विचार करावयास लावणारा आहे.

पेशीचा जन्म आणि पेशीचे मरण

मोठ्या आतड्याचे आतील अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. त्या अस्तरात लक्षावधी सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूळ पेशी विभागून नव्या पेशींना जन्म देतात. नव्या पेशी हळूहळू वर सरकतात, आपले काम करतात आणि वरच्या काठाशी पोहोचल्या की मरून गळून पडतात. जितक्या जन्मतात तितक्याच मरतात, म्हणून अस्तर जाड होत नाही अन् झिजतही नाही.

पेशीचे हे मरण अपघाती नसते. ती स्वतःच्या आतील आज्ञेनुसार, आजूबाजूला इजा न करता आवरून घेते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठातील संशोधकांनी १९७२ साली या मरणाला ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ झाडावरून पाने गळणे असा आहे. आपल्या झाडीपट्टीत सागाची पाने गळतात तेव्हा झाड मरत नसते. पानगळ हा त्याच्या जगण्याचाच भाग असतो. पेशींच्या या नियोजित मृत्यूमागील जनुके शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगात हा जमाखर्च बिघडतो. बहुधा प्रथम ‘एपीसी’ नावाचे जनुक निकामी होते. हे जनुक वाढीवरचा लगाम आहे. लगाम सुटला की पेशी गळून न पडता साचत जातात आणि अस्तरावर लहानशी गाठ येते. तिला ‘पॉलिप’ म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. काहींमध्ये मात्र पुढे वाढीला टाच मारणारी जनुके कायमची जागी होतात आणि शेवटी ‘पी-५३’ नावाचा पहारेकरी नाहीसा होतो. बिघडलेल्या पेशीला ‘आता मर’ अशी आज्ञा देणे हे या पहारेकऱ्याचे काम. तो गेला की बिघडलेली पेशी मरणे विसरते. पॉलिपपासून कर्करोगापर्यंतच्या या प्रवासाला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

हा दहा वर्षांचा काळ ध्यानात ठेवावा. अन्न आणि औषध यांच्या कामातील भेद त्यातच दडलेला आहे.

चोथा, जिवाणू आणि ब्युटिरेट

डेनिस बर्किट हे आयर्लंडमधील शल्यविशारद युगांडात अनेक वर्षे काम करीत होते. तेथील ग्रामीण लोकांत मोठ्या आतड्याचा कर्करोग क्वचितच दिसतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या लोकांच्या आहारात भरपूर चोथा, म्हणजे तंतुमय पदार्थ असतात, हे त्याचे कारण असावे असा विचार त्यांनी १९७१ साली मांडला. चोथ्यामुळे मल आतड्यातून लवकर पुढे सरकतो आणि त्यातील घातक द्रव्यांचा अस्तराशी संपर्क कमी होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढील संशोधनाने याहून सूक्ष्म गोष्ट उजेडात आणली. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोहोचतो, तेव्हा तेथील कोट्यवधी जिवाणू तो आंबवितात आणि त्यातून ‘ब्युटिरेट’ नावाचे आम्लद्रव्य तयार होते. अस्तरातील निरोगी पेशींचे हेच मुख्य इंधन. कर्कपेशी मात्र साखरेवर जगणे पसंत करते. ती ब्युटिरेट पुरेसे जाळीत नाही, म्हणून ते तिच्या आत साठते, केंद्रकापर्यंत जाते आणि बंद करून ठेवलेली काही जनुके उघडते. परिणामी तिची वाढ थांबते आणि विसरलेली मरणाची आज्ञा पुन्हा जागी होऊ शकते. एकच द्रव्य निरोगी पेशीला पोसते आणि बिघडलेल्या पेशीला मरणाकडे नेते, हे प्रयोगशाळेत पुनःपुन्हा दिसून आले आहे.

माणसांत याचा काही पुरावा आहे काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बोलका आहे. अमेरिकेतील वीस कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेतील वीस ग्रामीण रहिवासी यांनी दोन आठवडे एकमेकांसारखा आहार घेतला. अमेरिकनांना भरपूर चोथा आणि कमी चरबी मिळाली, तर आफ्रिकनांना त्याच्या उलट. केवळ दोन आठवड्यांत पहिल्या गटात ब्युटिरेट वाढले आणि अस्तरातील पेशींच्या विभाजनाचा वेग मंदावला. दुसऱ्या गटात नेमके उलट घडले. आतड्यातील पेशी ताटाकडे किती बारकाईने पाहत असतात, हे यावरून दिसते.

परंतु येथेच सावधही व्हावे लागते. ज्यांच्या आतड्यातील पॉलिप काढून टाकले होते, अशा लोकांना तीन-चार वर्षे चोथायुक्त आहार देऊन अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. चोथ्यामुळे नवे पॉलिप येणे कमी झाले नव्हते. याउलट, युरोपातील लाखो लोकांचे आहार वर्षानुवर्षे नोंदवून ठेवणाऱ्या अभ्यासात, अधिक चोथा खाणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळला. या दोहोंचा मेळ घालण्याचा एक सयुक्तिक मार्ग असा की, चोथा ही आयुष्यभराची सवय आहे, तीन वर्षांचा उपचार नव्हे. बिघाड बराच पुढे गेल्यावर ताट बदलून तो मागे फिरविता येत नाही.

धानाचा जिल्हा आणि रात्रीचा भात

भंडारा हा धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पिकणारा तांदूळ हेच आपले मुख्य अन्न. मात्र गिरणीतून पांढराशुभ्र होऊन आलेल्या तांदळात चोथा फारच कमी उरतो. पूर्वीचा हातसडीचा तांदूळ, जवसाची चटणी, तूर, हरभरा, वालाच्या शेंगा, अंबाडीची व तरोट्याची भाजी हे सारे ताटातून मागे सरत आहे आणि त्या जागी बिस्किटे, मैद्याचे पदार्थ व पाकिटातील तळलेले जिन्नस येत आहेत. हे आपल्या घराघरांत दिसते. जी गोष्ट आपल्या परसात होती, तीच आपण गमावत आहोत.

रात्रीच्या उरलेल्या भातासंबंधी येथे सांगण्यासारखे आहे. शिजविलेला भात थंड झाला की त्यातील पिष्टाचा काही अंश अशा रूपात घट्ट होतो की लहान आतड्यात तो पचत नाही. त्याला ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हणतात. तो मोठ्या आतड्यात चोथ्यासारखाच वागतो आणि त्यापासून ब्युटिरेट तयार होते. किंचित कच्च्या केळ्यातही तो भरपूर असतो. मग रात्रीचा भात हे कर्करोगावरील औषध समजावे काय? ज्यांना वंशपरंपरेने या आजाराचा मोठा धोका असतो, अशा ९००हून अधिक लोकांवर ‘कॅप-२’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. त्यांतील काहींना रोज ३० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्च दिला गेला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निष्कर्षांनुसार मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फरक पडला नाही. मात्र पचनमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोग कमी आढळले. निष्कर्ष आशादायक आहे, पण अपेक्षिलेला नव्हे. शास्त्राचा प्रामाणिकपणा हाच की ते हवे ते उत्तर देत नाही, मिळाले ते देते.

भात थंड करून ठेवावयाचा असेल तर तो लवकर थंड करून झाकून, शक्य तर फ्रिजमध्ये ठेवावा. उकाड्यात तासन् तास उघड्यावर राहिलेल्या भातात विषारी जिवाणू वाढतात आणि पुन्हा गरम करूनही त्यांचे विष जात नाही.

वाढीला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी पेशींना उलट्या दिशेने ढकलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली खारवलेले, धुरावलेले किंवा रसायने घालून टिकविलेले मांस (सॉसेज, हॅम, बेकन) निश्चित कर्करोगकारक ठरविले. असे मांस रोज ५० ग्रॅम खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. गायीगुरांचे, डुकराचे, मेंढीबकऱ्याचे लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले आहे. याचा अर्थ सणावारी मटण खाणे पाप आहे असा नव्हे. प्रमाण हाच प्रश्न आहे. मासळीला या यादीत स्थान नाही.

दारूचे मात्र प्रमाणाचे समर्थन होत नाही. मोहफुलाची असो की सरकारमान्य दुकानातील, मद्य शरीरात ‘ॲसिटाल्डिहाइड’ बनते आणि ते पेशीतील डीएनए बिघडविते. विडी-सिगारेटचा धूर मोठ्या आतड्यापर्यंत आपला परिणाम पोहोचवितो. आपल्याकडे सर्रास चालणारा खर्रा मुख्यतः तोंडाचा घात करतो, हे वेगळे सांगावयास नको. पोटाभोवती वाढणारी चरबी इन्शुलिनची पातळी चढी ठेवते, आणि इन्शुलिन हा पेशींच्या दृष्टीने ‘वाढत राहा’ असा निरोप असतो. दुधातील कॅल्शियम याच्या उलट काही अंशी रक्षण करते, असे दिसून आले आहे.

जीवनसत्त्वाच्या गोळ्यांविषयी एक महत्त्वाचा धडा आहे. हिरव्या पालेभाजीतील फोलेट हे नवा डीएनए बनविण्यासाठी लागते. म्हणून त्याच्या गोळ्या दिल्यास पॉलिप टळतील, अशी अटकळ होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तसे घडले नाही. उलट गोळ्या घेणाऱ्यांत पुढच्या टप्प्यातील गाठी अधिक असण्याची शक्यता दिसली. त्याचे एक संभाव्य कारण असे. निरोगी पेशीला बांधकामाचे साहित्य पुरविताना, वाटेवर निघालेल्या बिघडलेल्या पेशीलाही आपण तेच पुरवीत असतो. भाजी खावी, डॉक्टरांनी न सांगितलेल्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत.

हळद आणि काचेची बशी

आता हळदीकडे वळू. हळदीतील ‘कर्क्युमिन’ या द्रव्याने मोठ्या आतड्याच्या कर्कपेशी मरतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण त्या पेशी काचेच्या बशीत वाढविलेल्या असतात. शरीराबाहेर पेशी वाढविण्याच्या या तंत्राची भारतातील पहिली प्रयोगशाळा मुंबईत उभारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या. १९१७ साली जन्मलेल्या या विदुषीने कर्करोग संशोधनाला आयुष्य वाहिले आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. बशीतील पेशींवरील प्रयोगाविना कोणतेही नवे औषध जन्मास येत नाही. पण तो पहिला जिना आहे, माडी नव्हे. बशीत पेशीवर औषध थेट ओतता येते. पोटात घेतलेले कर्क्युमिन मात्र रक्तात फारच थोडे शोषले जाते आणि लगेच बाहेर टाकले जाते. ज्यांच्या आतड्यात जन्मजात दोषाने शेकडो पॉलिप येतात, अशा रुग्णांना वर्षभर रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिले गेले. २०१८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षात औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. वरणातील हळद आपल्या जागी उत्तम आहे. हळदीच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

‘साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो’ हा असाच दुसरा समज. कर्कपेशी साखर अधिक वापरते, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखविले. पण ताटातील साखर, भात, भाकरी सारे बंद केले तरी शरीर स्वतःच्या स्नायूंतून साखर बनविते. कर्कपेशी उपाशी राहत नाही. रुग्ण मात्र खंगतो.

नंदुरबारचे शास्त्रज्ञ आणि नरक्याचे झाड

कर्करोगावरील मूळ उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. केमोथेरपी ही तिला साहाय्य करते किंवा आजार पसरलेला असल्यास त्याला आवर घालते. तिच्या औषधांचा मार्ग समजून घेतला की भीती थोडी ओसरते.

सर्वांत जुने औषध ‘फ्ल्युरोयुरॅसिल’. ते १९५७ साली पुढे आले. डीएनए लिहिण्यासाठी लागणाऱ्या चार अक्षरांपैकी एक बनविणारे यंत्रच ते बंद पाडते. अक्षर नाही म्हणून विभागू पाहणारी पेशी अर्ध्या वाटेवर अडकते आणि मरते. या औषधासोबत फोलेटचेच एक रूप, ‘ल्युकोव्होरिन’, मुद्दाम देतात. कारण त्यामुळे औषधाची पकड घट्ट होते. म्हणूनच उपचार सुरू असताना फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मनाने घेतल्यास औषधाचा त्रास वाढू शकतो. ‘कॅपेसिटाबिन’ ही गोळी शरीरात जाऊन हेच औषध बनते. ‘ऑक्झॅलिप्लॅटिन’ हे दुसरे औषध डीएनएच्या धाग्यांना गाठी मारते.

तिसरे औषध ‘इरिनोटेकॅन’, आणि त्याचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९२५ साली नंदुरबार येथे जन्मलेले डॉ. मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून पुढे अमेरिकेस गेले. तेथे डॉ. मनरो वॉल यांच्यासह त्यांनी एका चिनी झाडापासून ‘कॅम्प्टोथेसिन’ हे द्रव्य वेगळे केले आणि १९६६ साली त्याची रचना जाहीर केली. डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या विकराला हे द्रव्य जखडून ठेवते. पीळ सुटत नाही, धागा तुटतो आणि पेशी मरते. पुढे आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या ‘नरक्या’ या झाडातही हेच द्रव्य आढळले. पण मूळ द्रव्य रुग्णांना दिले तेव्हा ते फारच विषारी ठरले. त्यात बदल करून सुरक्षित रूप तयार होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. इरिनोटेकॅनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ साली. डॉ. वाणी यांचे २०२० साली निधन झाले.

‘केमो नको, झाडपाला द्या’ असे म्हणणाऱ्यांनी ही कथा अवश्य ध्यानात घ्यावी. रुग्णालयातील बाटलीत झाडपालाच आहे. पण तो शुद्ध केलेला, मोजलेला आणि हजारो रुग्णांवर पारखलेला आहे. साल उकळून प्यायल्यास मिळते ते न मोजलेले विष.

ही औषधे भराभर विभागणाऱ्या पेशी शोधतात. केसांची मुळे, तोंडाचे अस्तर, अस्थिमज्जा येथील निरोगी पेशीही भराभर विभागतात. केस गळणे, तोंड येणे, रक्तपेशी घटणे हे त्रास त्यामुळेच होतात. उपचार संपल्यावर त्यांतील बहुतेक त्रास ओसरतात.

साधी ॲस्पिरिन

अन्न आणि केमोथेरपी यांच्या मधोमध एक जुनी, स्वस्त गोळी उभी आहे. आतड्यातील गाठी ‘कॉक्स-२’ नावाच्या विकराच्या साहाय्याने दाह वाढविणारी द्रव्ये बनवितात. ती द्रव्ये पेशीला वाढायला सांगतात आणि तिचे मरण लांबवितात. ॲस्पिरिन हा मार्ग अडविते. वर उल्लेखिलेल्या कॅप-२ चाचणीत आनुवंशिक धोका असलेल्या काही जणांना किमान दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली गेली. २०२० च्या अहवालानुसार, त्यांच्यापैकी ९ टक्क्यांना पुढे हा कर्करोग झाला, तर गोळी न मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांना. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, ज्यांच्या गाठीत एका विशिष्ट मार्गातील जनुके बदललेली होती, अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत ॲस्पिरिनमुळे आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मात्र सरसकट सर्व रुग्णांना गोळी देणाऱ्या एका आशियाई चाचणीत लक्षणीय लाभ दिसला नाही. ब्रिटन आणि भारत यांनी मिळून केलेल्या ‘ॲड-ॲस्पिरिन’ या मोठ्या चाचणीत मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने भारतीय रुग्णही सामील झाले.

निष्कर्ष असा की, गोळी कुणाला द्यावयाची हे गाठीच्या जनुकांवरून ठरते. ॲस्पिरिनने जठरात व मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा हा लेख वाचून कुणी ती स्वतःहून सुरू करू नये, ही नम्र सूचना.

उपचार चालू असताना ताट कसे असावे?

येथे नियम पुष्कळदा उलटे होतात. जो रात्रीचा भात निरोगी माणसाला चालतो, तो केमोथेरपीवरील रुग्णाला नको. कारण त्याची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. त्याला ताजे, गरम, पूर्ण शिजलेले अन्न आणि उकळून निवविलेले पाणी द्यावे. ज्याचे आतडे गाठीमुळे अरुंद झाले आहे, त्याला चोथा कमी द्यावा लागतो. इरिनोटेकॅनने जुलाब झाले तर मऊ भात, पेज, मीठ-साखरेचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना लगेच कळवावे. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस थंड पाणी व थंड वस्तूंचा स्पर्शही सोसत नाही. डाळी, अंडी, मासळी, दूध यांतून मिळणारी प्रथिने रुग्णाला आवश्यक आहेत. ‘पथ्य’ म्हणून ती तोडू नयेत. कोणताही काढा, भस्म किंवा पूड घेत असल्यास ती डॉक्टरांपासून लपवू नये. त्यांपैकी काही औषधाचा प्रभाव कमी करतात, तर काही त्याचे विष वाढवितात.

आजाऱ्याच्या भेटीस जाणाऱ्या आपणा सर्वांचीही येथे एक जबाबदारी आहे. खाटेजवळ बसून ‘अमक्याला तमक्या मुळीने गुण आला’ असे सांगणे सोपे असते. त्या एका वाक्याने थकलेले कुटुंब पुढच्या तारखेला रुग्णालयात जात नाही. त्यापेक्षा नागपूरला सोबत जाणे, एसटीच्या तिकिटाचा भार उचलणे, मऊ खिचडीचा डबा पोहोचविणे ही खरी सेवा होय.

वेळेचे मोल

शेतकरी वाचकांना एक गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. शेणखत आणि पाणी यांनी धान निरोगी वाढतो. पण तुडतुडा पडल्यावर शेणखत टाकून भागत नाही, आणि फवारणीच्या भरवशावर जमीन उपाशी ठेवूनही चालत नाही. अन्न हे आजारापूर्वीच्या दहा वर्षांचे काम करते, औषध आजारानंतरचे. एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले की दोन्ही हातचे जातात.

राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी केली जाते. मोठ्या आतड्याचा त्यात समावेश नाही. म्हणून आपले लक्षण आपणच ओळखावयास हवे. शौचावाटे रक्त पडणे, शौचाच्या सवयीत तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना, कारणाविना वजन उतरणे किंवा रक्त कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर पुडी न घेता भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जावे. डॉक्टर बोटाने गुदाशय तपासतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गरज भासल्यास दुर्बिणीने आतडे पाहिले जाते, आणि पॉलिप सापडल्यास तो बहुधा त्याच वेळी काढता येतो. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांतून शस्त्रक्रिया व केमोथेरपीसाठी साहाय्य मिळते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे. जवळच्या नातलगाला हा आजार झाला असेल, तर आपली तपासणी केव्हा करावी हेही विचारून घ्यावे.

गाठ आतड्याच्या भिंतीतच असताना सापडली, तर बहुतांश रुग्ण बरे होतात. तीच गाठ यकृतापर्यंत पोहोचल्यावर उपचार कठीण आणि खर्चिक होतो. या दोन अवस्थांमध्ये पुष्कळदा अंतर असते ते फक्त न बोललेल्या काही महिन्यांचे. वाचकहो, आपल्या घरात कुणी हे दुखणे मनात ठेवून बसले नाही ना, एवढे आज संध्याकाळी जेवताना विचारा.